शेवटच्या पुस्तकावर रुसलेल्या वाचकाला

*ताई, शाळेत असताना ‘द थ्री मस्केटिअर्स’नं वेड लावलं, मग ‘ट्वेंटी इयर्स आफ्टर’नं. शेवटचं पुस्तक मात्र मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. परवा एकदाचं ‘द मॅन इन द आयर्न मास्क’ वाचलं आणि संताप झाला. ते चौघे मस्केटिअर मित्र धड एकत्र लढतच नाहीत! पोर्तोस जातो, आथोस मुलाच्या दुःखानं जातो, शेवटी दार्तान्यांही. तरी शेवटची पानं वाचताना मी रडले. माझा भाचा आत्ता पहिलं पुस्तक वाचतोय. त्याला दुसऱ्यावरच थांबायला सांगू का?*
*– रुसलेली वाचक*

अगं, आधी एक सांग, सुरुवातीचे खंड वाचलेस का? कारण तू वाचलंस ते आख्खं पुस्तक नाहीच. अलेक्झांडर द्यूमानं १८४७ ते १८५० या काळात वर्तमानपत्रात क्रमशः लिहिलेली ती एकच अवाढव्य कादंबरी आहे. इंग्रजीत तिचे तीन किंवा जास्त तुकडे करून विकतात, आणि ‘आयर्न मास्क’ हा त्यातला शेवटचा. म्हणजे तू थेट अंत्ययात्रेत जाऊन सामील झालीस. आथोसचा मुलगा राऊल तुला परका वाटला असणार, मग त्याच्यापायी आथोसचं जाणं पटणार कसं?

मधला भाग कंटाळवाणा आहे, हे मी आधीच कबूल करते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारातली प्रेमप्रकरणं संपता संपत नाहीत. खुशाल पानं उलट, कोणी परीक्षा घेणार नाही. पण सुरुवात सोडू नकोस. १६६० साल आहे, दार्तान्यां पन्नाशी ओलांडलेला, आणि गडी इंग्लंडच्या जनरल मंकला चक्क पेटीत घालून पळवतो! तुला हवा होता तो जुना दार्तान्यां तिथे आहे.

आता रागाचं. मैत्री तुटली म्हणून तू द्यूमावर चिडलीस. पण दुसऱ्या पुस्तकातही दार्तान्यां आणि पोर्तोस फ्रान्सचा मुख्यमंत्री माझारँच्या बाजूला होते आणि बाकीचे दोघे विरुद्ध गोटात. ते तुला चाललं, कारण चौघांनाही आपण कुठे उभे आहोत ते ठाऊक होतं. इथे चौघांतला चौथा, आरामिस, पोर्तोसला खरं काही सांगतच नाही. राजाला बदलण्याच्या कटात त्या भोळ्या माणसाला ओढतो, आणि तो बिचारा आपण राजाचंच काम करतोय अशा समजुतीत. बेल-ईल बेटावर सगळं कळल्यावरही पोर्तोस रागावत नाही. मला त्याच्या मरणापेक्षा हे जास्त लागतं. तुझा राग लेखकावर नसून आरामिसवर आहे, असं मला वाटतं. चौघांत शेवटी जिवंत उरतो तोच, तेही स्पेनचा ड्यूक होऊन! पोर्तोसनं माफ केलं म्हणून तूही करायला हवंस असं काही नाही. मी अजून केलेलं नाही.

दार्तान्यांच्या बाबतीत मात्र द्यूमाचे हात बांधलेले होते. त्या नावाचा खरा सरदार होऊन गेला. १६६१ मध्ये अर्थमंत्री फूकेला नाँत शहरात अटक केली ती त्यानंच, आणि तो पडला १६७३ मध्ये मास्ट्रिक्टच्या वेढ्यात. द्यूमानं त्याला तशाच वेढ्यात, मार्शल या सर्वोच्च लष्करी पदाची मानाची काठी हातात येता येता मरण दिलं. म्हातारपणी खाटेवर खोकत बसलेला दार्तान्यां तुला आवडला असता?

भाच्याला अजिबात थांबवू नकोस. ‘पुढचं वाचू नको’ म्हटलंस तर तो आज रात्रीच शेवटचं पान उघडेल. दोन पुस्तकं होऊ देत, मग मध्ये खुशाल काही वर्षं जाऊ देत. पुढे त्यानं स्वतः मागितलं तर सुरुवातीचा खंड हातात दे. आणि तोवर तूही तो वाचून काढ.