बालगृहातली मुलगी घरी केव्हा येईल?

प्रश्न : माझी १५ वर्षांची पुतणी दोनदा घर सोडून गेली. पोलिसांनी तिला बालकल्याण समितीपुढे नेले आणि समितीने मुलींच्या बालगृहात ठेवले. तिच्यावर ‘रिमांड होम’चा शिक्का बसेल का? ती घरी केव्हा येईल?
– एक काकू, सातारा जिल्हा

उत्तर : काकू, ‘रिमांड होम’ हा शब्द घरात कुणी उच्चारूच नये. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्या मुलांसाठी निरीक्षणगृह असते; तुमची पुतणी काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलगी म्हणून बालगृहात आहे, आणि २०१५च्या बाल न्याय कायद्याने या दोन्ही संस्था वेगळ्या ठेवल्या आहेत. समितीची चौकशी साधारणपणे चार महिन्यांत पूर्ण व्हावी, अशी तरतूद आहे. त्यासाठी सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो. अधिकारी घरी येतील, तेव्हा भांडणे, मारहाण, लग्नाची घाई, जे असेल ते लपवू नका. मुलगी का पळाली हे कळल्याशिवाय तिला परत पाठवणे धोक्याचे ठरते, आणि झाकपाक करणारे घर समितीच्या ध्यानात येतेच.

भेटीला जाताना उपदेश नको. अशाच एका भेटीत मान खाली घालून बसलेली मुलगी, आईने पिशवीतून तिची जुनी चित्रकलेची वही काढताच, ‘माझे खडू कुठेत?’ एवढेच बोलली होती. पुढच्या भेटीत आईने खडू नेले.