दूध पाजणाऱ्या फेरेट मादीचं आचळ सुजून जांभळं पडलंय. काय करू? आणि पुढच्या वर्षी तिची पिलं पुन्हा घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या फेरेटची (मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी) पिलं तीन आठवड्यांची आहेत, कालपासून मादीचं एक आचळ सुजून जांभळट दिसतंय, तिने खाणं सोडलंय आणि पिलं सारखी ओरडतायत. घरात दुसरीही व्यायलेली मादी आहे, तर पिलं तिच्याकडे लावावीत का, असं विचारलंय. आणि एका जुन्या पाळणाऱ्याने सांगितलंय की दरवर्षी पिलं झाली नाहीत तर मादी मरते.

आधी डॉक्टरांना फोन करा, उरलेलं उत्तर नंतर वाचा. रात्र असली तरी करा. इथे ब्रिटनमध्ये तातडीच्या वेळी चोवीस तास प्राथमिक उपचार मिळतील अशी सोय करणं पशुवैद्यांवर बंधनकारक आहे. फोनवर एवढंच सांगा: दूध पाजणारी फेरेट, आचळ जांभळं, खात नाही. पलीकडच्या माणसाला घाई कळेल.

मी यॉर्कशरमध्ये प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. वसंत आणि उन्हाळ्यात अशा माद्या येतात. हा स्तनदाह, म्हणजे आचळाला जंतू लागून आलेली सूज. गावाकडे म्हशीला हाच आजार, म्हणजे दगडी, झाली की दूध पिळून टाकायचं, सडात ट्यूब सोडायची आणि दोन-चार दिवस वाट बघायची, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असतं. फेरेटला तेवढी सवड मिळत नाही. मादीचं सगळं वजन किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी. जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस किंवा ई. कोलाय. सकाळी लाल आणि कडक लागणारा भाग संध्याकाळपर्यंत जांभळा आणि मग काळा पडू शकतो. काळा पडला म्हणजे तिथली कातडी आणि ग्रंथी मेली, आणि तिचं विष रक्तात उतरायला लागलं. अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. सलाइन, वेदनाशामक आणि मेलेला भाग कापून काढणं, हे सगळं त्याच दिवशी करावं लागतं. जखम मोठी आणि भीषण दिसते, पण वेळेत आणलेल्या माद्या त्यातून उठतात, हे मी पाहिलंय. घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. आयब्युप्रोफेन ही माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात नको, फेरेटला ते विषारी आहे.

दुसऱ्या मादीकडे पिलं लावू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण पिलांच्या तोंडात तेच जंतू असतात आणि ती चोखता चोखता धडधाकट मादीलाही आजार देतात. एकीच्या जागी दोघी आजारी पडतात. रोज आधी निरोगी मादीचं सगळं उरकायचं, मग आजारी मादीला हात लावायचा, आणि हात साबणाने धुवायचे.

पिलांचं वय तुमच्या बाजूने आहे. दहा-बारा दिवसांच्या आतलं पिलू आईशिवाय जगवणं फार अवघड, दर दोन तासांनी पाजूनही बरीच हातची जातात. तीन आठवड्यांची पिलं मात्र डोळे उघडायच्या आधीच पातळ खिमा चाटायला लागतात. फेरेटचं खाणं कोमट पाण्यात भिजवून मऊ लगदा करा, बोटावर घेऊन तोंडाला लावा. सोबत कुत्र्याच्या पिलांचं तयार दूध, त्यात थोडी क्रीम घालून, कारण फेरेटचं दूध खूप स्निग्ध असतं. पिलांनाही औषध लागेल का, आणि त्यांना आईपाशी ठेवायचं का, हे डॉक्टर ठरवतील.

याच आजाराचा दुसरा, संथ प्रकार असतो आणि तो फसवतो. आचळ मोठं, टणक, पण ना लाल ना दुखरं. बघणाऱ्याला वाटतं, काय भरपूर दूध आहे! प्रत्यक्षात आत दुधाच्या जागी व्रणासारखी गाठ झालेली असते आणि पिलं उपाशी राहतात. म्हणून माझा आग्रह असतो की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पिलं रोज तोला. जन्मतः दहा ग्रॅमच्या आसपासचं पिलू आठवड्यात तीस ग्रॅमपर्यंत जायला हवं. आकडा अडला की लगेच आईचं प्रत्येक आचळ दाबून बघा.

आता पुढच्या वर्षाचं. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. ग्रंथी कापलेल्या किंवा व्रण पडलेल्या मादीला आठ-दहा पिलांचा भार देणं तिच्यावर अन्याय आहे, आणि त्या पिलांवरही. संथ प्रकार झालेली मादी तर पैदाशीतून कायमची काढायचीच. शिवाय इथली फेरेट आश्रयगृहं दर उन्हाळ्यात नकोशा झालेल्या पिलांनी भरतात, तेव्हा घरं आधी ठरलेली नसतील तर निरोगी मादीचीही पिलं घेऊ नयेत.

त्या पाळणाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. फेरेट मादी माजावर आली की समागम होईपर्यंत किंवा दिवस लहान होईपर्यंत माजावरच राहते. महिना-महिना चाललेल्या इस्ट्रोजेन या मादीच्या हॉर्मोनमुळे अस्थिमज्जा रक्त बनवणं थांबवते, हिरड्या पांढऱ्या पडतात, मादी दगावते. पण माज थांबवायला पिलं लागत नाहीत. डेस्लोरेलिनचं इम्प्लांट आहे, म्हणजे कातडीखाली बसवायची, माज रोखणारी औषधाची कांडी, साधारण दीड ते दोन वर्षं टिकतं. प्रोलिजेस्टोन या माज रोखणाऱ्या हॉर्मोनचं इंजेक्शन मिळालं तर ते बहुधा एक हंगाम निभावतं. नसबंदी केलेला नर आहे, त्याने माज थांबतो आणि पिलं होत नाहीत, फक्त खोट्या गाभणपणानंतर ती पुन्हा माजावर येऊ शकते. शस्त्रक्रियेने गर्भाशय आणि अंडाशय काढण्याचाही मार्ग आहे, पण त्यानंतर पुढे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा (मूत्रपिंडाजवळची हॉर्मोन बनवणारी ग्रंथी) आजार होण्याचा धोका असतो, म्हणून मी आधी इम्प्लांटचा विचार करायला सांगते.

पिलांचं दूध तुटल्यावर साधारण दोन आठवड्यांत ती परत माजावर येईल. टाके दाखवायला जाल त्याच भेटीत इम्प्लांटची तारीख ठरवून घ्या.