थीम रिसॉर्ट हॉटेलांच्या वास्तुरचनेत सहसा लक्षात न येणारे कोणते तपशील दडलेले असतात?

आपण हा प्रश्न ऑर्लँडोच्या नियोजित सहलीच्या संदर्भात विचारला आहे, म्हणून उत्तर मुख्यतः फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांपुरते ठेवतो. मी व्यवसायाने वास्तुविशारद असल्यामुळे माझी आवडनिवड त्याच दृष्टीने ठरलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्याला बहुतेकांनी ‘हिडन मिकी’ शोधायला सांगितले असेल. गालिच्याच्या नक्षीत, दगडांच्या मांडणीत किंवा कठड्याच्या जाळीत तीन वर्तुळांची मिकी माऊसची आकृती हुडकण्याचा हा खेळ आहे, आणि मुले सोबत असतील तर त्यात वेळ मजेत जातो. परंतु अशी आकृती उद्या पुसून टाकली तरी इमारतीचे काही बिघडणार नाही. मला रस वाटतो तो अशा तपशिलांत, जे काढून घेतले तर सगळा बनाव उघडा पडेल, कारण शेकडो खोल्या, लांबच लांब मार्गिका, वातानुकूलन आणि अग्निसुरक्षा यांनी बांधलेले आधुनिक हॉटेल पाहुण्याच्या नजरेआड ठेवण्याचे खरे काम तेच करत असतात.

याचे सर्वांत धीट उदाहरण १९७१ सालचे आहे. डिस्ने वर्ल्ड सुरू झाले तेव्हा तेथे दोन मोठी हॉटेले होती. वेल्टन बेकेट यांच्या संस्थेने आखलेले कंटेम्पररी रिसॉर्ट म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा पोलादी मनोरा, ज्याच्या पोटातून मोनोरेल आरपार जाते. आणि सरोवराच्या काठावरचे पॉलिनेशियन म्हणजे दक्षिण पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या लांबट घरांची आठवण करून देणारी उतरत्या छपरांची वसाहत. एक भविष्यकाळाचे चित्र, दुसरे नारळीच्या सावलीतले. प्रत्यक्षात दोन्हींच्या खोल्या यूएस स्टील या कंपनीने जवळच उभारलेल्या कारखान्यात पोलादी चौकटीच्या सुट्या पेट्यांच्या रूपात तयार केल्या होत्या. कंटेम्पररीच्या मनोऱ्यात त्या क्रेनने उचलून कपाटातल्या खणांप्रमाणे सांगाड्यात सरकवण्यात आल्या, तर पॉलिनेशियनमध्ये त्याच पद्धतीच्या पेट्या एकमेकींवर रचून त्यांच्यावर बेटांचा पेहराव चढवला गेला. नूतनीकरणाच्या वेळी या खोल्या पुन्हा बाहेर ओढून काढायच्या होत्या अशी कथा आवडीने सांगितली जाते. तशी एकही खोली कधी बाहेर काढली गेली नाही. माझ्या मते मात्र त्या कथेपेक्षा, एकाच औद्योगिक वस्तूला दोन परस्परविरोधी वेश देता येतात आणि दोन्ही पटतात, ही गोष्ट कितीतरी अधिक विलक्षण आहे.

कंटेम्पररीची जागाही विचारपूर्वक निवडलेली दिसते. डिस्ने वर्ल्डमधील मॅजिक किंगडम या उद्यानाच्या ‘टुमॉरोलँड’ या विभागातून तो मनोरा दिसतो आणि तेथील भविष्यवेधी देखाव्याचाच भाग वाटतो. हॉटेल कुठून कुठून दिसेल याचा असा हिशेब प्रत्येक वेळी साधला गेला नाही. १९९० साली उघडलेल्या स्वॉन आणि डॉल्फिन या वास्तुविशारद मायकेल ग्रेव्हज यांच्या हॉटेलांची शिखरे एपकॉट या तेथल्याच दुसऱ्या उद्यानात उभ्या केलेल्या देशोदेशींच्या दालनांमागून डोकावतात आणि त्यावर आजही टीका होते. (उलट, ‘टॉवर ऑफ टेरर’ हे मुक्कामाचे हॉटेल नसून हॉटेलच्या रूपातली राइड आहे, पण ती एपकॉटच्या मोरोक्को दालनामागे दिसते हे ओळखून तिचे रंग आणि शिखराची ठेवण त्या दालनाशी जुळवून घेतलेली आहे.)

तरीही मला एकच हॉटेल निवडायला सांगितले तर मी पीटर डॉमिनिक यांनी आखलेले, १९९४ साली उघडलेले वाइल्डरनेस लॉज निवडेन. त्याचा आदर्श म्हणजे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील ओल्ड फेथफुल इन, जे रॉबर्ट रीमर यांनी १९०३-०४ मध्ये पाइनच्या ओंडक्यांतून आणि ज्वालामुखीजन्य दगडांतून उभे केले. ते मूळ हॉटेलही साधेभोळे नव्हते, कारण बाहेरून रानातल्या लाकडी घराचा आव आणणाऱ्या त्या वास्तूत पहिल्या दिवसापासून विजेचे दिवे आणि वाफेवर चालणारी उष्णता-व्यवस्था होती. १९२७ साली कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात उघडलेल्या अहवाहनी हॉटेलने तर आणखी पुढची पायरी गाठली. तेथे आगीच्या भीतीमुळे बाहेरचे बरेचसे ‘लाकूड’ काँक्रीटचे केले आहे. खडबडीत फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओतून त्यावर लाकडाचे रेषे उमटवले आणि मग रेडवूडसारखा रंग दिला. म्हणून, ‘डिस्नेने खऱ्याची नक्कल केली’ असे कुणी म्हणाले की मला थोडे हसू येते. ज्याची नक्कल केली, तेदेखील आधीपासूनच नाट्य होते.

वाइल्डरनेस लॉजच्या दिवाणखान्यात सुमारे ८२ फूट उंचीची दगडी शेकोटी आहे. बहुतेक पाहुणे तिच्यासमोर बसून छायाचित्र काढतात आणि निघून जातात. तिच्या दगडांचे रंग आणि पोत मात्र शोभेसाठी विखुरलेले नाहीत. ग्रँड कॅन्यनच्या खडकांचे थर ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने ते रचले आहेत, आणि मधूनमधून जीवाश्मांच्या प्रतिकृतीही बसवल्या आहेत. खऱ्या दरीत तळाचा विष्णू शिस्ट हा खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा, तर माथ्यावरचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे वरच्या मजल्यांवरील सज्जांतून एकेक मजला खाली उतरत शेकोटीकडे पाहिले, तर आपण जवळजवळ दीडशे कोटी वर्षे मागे जात असतो. हे खालून कळत नाही. त्यासाठी सज्जातच उभे राहावे लागते.

त्याच दिवाणखान्यात जमिनीतून एक झरा बुडबुडत असतो. त्याचे पाणी काचेखालून बाहेर पडते, ओढा होते, खडकांवरून धबधब्यासारखे कोसळते, पोहण्याच्या तलावाशी पोहोचते आणि पुढे सरोवराकाठी यलोस्टोनची आठवण देणारे कारंजे ठरावीक वेळाने आकाशात उसळते. पाहणाऱ्याला हा एकच अखंड प्रवाह वाटतो. परंतु लोक ज्यात पोहतात ते पाणी गाळून, क्लोरीन घालून वेगळेच फिरवावे लागते. ओढ्याचे पाणी त्यात सोडता येत नाही. शिवाय मध्य फ्लोरिडासारख्या सपाट प्रदेशात धबधब्याला लागणारा उतार आयता मिळत नाही, तो तयार करावा लागतो. वेगवेगळी जलचक्रे जेथे एकत्र आल्यासारखी भासतात, नेमके तेथेच खडक आणि झुडपे दाट लावलेली दिसतील. त्या जागा शोधायला मला हिडन मिकीपेक्षा जास्त मजा येते.

या लॉजच्या शेजारची निवासी इमारत २००० साली, म्हणजे सहा वर्षांनी, बांधली गेली. नवा भाग जोडताना त्यासाठी रचलेली कथा अशी की, रेल्वे कामगारांनी हा भाग मुख्य लॉजच्या आधी बांधला होता! त्यामुळे धाकटी इमारत थोरली असल्याचे सोंग घेऊन उभी आहे.

डॉमिनिक यांचेच ॲनिमल किंगडम लॉज २००१ सालचे. त्याचा वाकलेला आकार आफ्रिकेतील गुरांच्या गोलाकार वाड्यावरून घेतला आहे, आणि खोल्यांच्या सज्जांसमोर जिराफ व झेब्रे मोकळे चरतात. कुंपण दिसत नाही, कारण अडथळा जमिनीच्या खाली आहे: खोलगट चर आणि त्यांवर पसरलेली झाडी.

फ्लोरिडाबाहेरच्या लास व्हेगासमधील हॉटेलांविषयी दोनच गोष्टी. १९९९ सालच्या व्हेनेशियन हॉटेलमधील आतला कालवा, ज्यावर गोंडोले चालतात, तो जमिनीवर नसून कॅसिनोच्या वरच्या मजल्यावर आहे. आणि १९९८ सालच्या बेलाजिओची दर्शनी बाजू पाहताना जी एक खिडकी वाटते, ती दोन मजल्यांवरच्या चार खोल्यांची मिळून आहे. त्यामुळे ३६ मजली इमारत डोळ्यांना निम्म्या मजल्यांची वाटते. मोठ्या इमारतीचा आकार लपवण्याची इतकी सोपी युक्ती मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

आपल्याकडे एकच संध्याकाळ असेल तर मॅजिक किंगडमहून मोनोरेलने कंटेम्पररीला जा. तेथे अमेरिकी मोजणीप्रमाणे चौथ्या मजल्यावर डिस्नेच्या चित्रकार मेरी ब्लेअर यांचे सुमारे ९० फूट उंचीचे, १८ हजार टाइलांचे भित्तिचित्र आहे. त्यातली पाच पायांची बकरी मोनोरेलच्या मार्गाकडील बाजूला सापडेल. तिथून परत मॅजिक किंगडमच्या धक्क्यावर आलात की वाइल्डरनेस लॉजकडे जाणारी बोट मिळते. दिवाणखाना पाहण्यासाठी सहसा तेथे मुक्काम असण्याची गरज पडत नाही.