११२ फॉर्म भरून आले, आता पुढे काय?

प्रश्न : मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे जाहिरात किंवा पीआरमध्ये (जनसंपर्कात) जायचं आहे. 'सोशल मीडियावरील जाहिरातींचा तरुणांवर होणारा परिणाम' हा प्रकल्प घेतला आहे. २५ प्रश्नांचा गूगल फॉर्म करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, ११२ जणांनी भरून पाठवला. आता गाइड मॅडम विचारतात, सॅम्पलिंग कोणतं, म्हणजे नमुना कसा निवडला? मैत्रिणी म्हणतात, किमान ३८४ फॉर्म लागतात. माझं गणित शाळेतच सुटलं. हा विषय नीट शिकायचा कसा आणि नोकरीत त्याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : गणिताची काळजी थोडा वेळ बाजूला ठेव. तुझं काम अडलंय ते शीर्षकातल्या एका शब्दावर : 'परिणाम'.

परिणाम म्हटलं की जाहिरात दिसली म्हणून काहीतरी बदललं आणि दिसली नसती तर बदललं नसतं, एवढं सगळं दाखवावं लागतं. फॉर्म भरून घेऊन ते कळत नाही. समज, जास्त जाहिराती पाहणारेच जास्त खरेदी करतात असं तुझ्या डेटात निघालं. पण ज्याला बूट घ्यायचेच आहेत तो आधी बूट शोधतो आणि मग त्याला बुटांच्याच जाहिराती दिसू लागतात. इच्छा आधी, जाहिरात नंतर. दोन गोष्टी एकत्र आढळतात इतपत सर्व्हे सांगतो. कशामुळे काय झालं, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

इथून दोन वाटा निघतात. एक, शीर्षकाला झेपेल तितकंच बोलू द्यायचं : 'मोबाइलवरच्या जाहिराती टाळण्यासाठी १८ ते २२ वयोगटातले विद्यार्थी काय काय करतात'. हा वर्णनात्मक अभ्यास झाला आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दुसरी वाट छोट्या प्रयोगाची. एकाच जाहिरातीच्या दोन आवृत्त्या करायच्या, त्यांत फक्त एक गोष्ट वेगळी ठेवायची, उदाहरणार्थ मथळा. कोणाला कोणती दाखवायची ते नाणेफेकीने ठरवायचं, तुझ्या मर्जीने नाही. नंतर दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारायचे. मथळ्याबरोबर चित्रही बदललं, तर फरक कशामुळे पडला ते कधीच सांगता येणार नाही. विद्यार्थ्यांचे प्रयोग बहुतेक वेळा इथेच फसतात. दोन गटांच्या सरासरीतला मध्यम आकाराचा फरक खरोखर असेल आणि तो १० पैकी ८ वेळा हाती लागावा असं वाटत असेल, तर प्रत्येक गटात साधारण ६४ माणसं लागतात. फरक बारीक असेल तर हा आकडा झपाट्याने वाढतो.

आता ३८४. हा आकडा प्रकल्पाप्रकल्पांतून फिरत असतो, पण तो येतो कुठून हे फार थोड्यांना माहीत असतं. १.९६ चा वर्ग घे, त्याला ०.२५ ने गुण आणि ०.०५ च्या वर्गाने भाग. उत्तर ३८४.१६. यातला १.९६ हा ९५ टक्के खात्रीसाठी आहे, ०.२५ म्हणजे मतं निम्मी-निम्मी विभागली असतील ही सर्वांत वाईट शक्यता आणि ०.०५ म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे चालतील अशी मुभा. ही चूक निम्म्यावर आणायची तर नमुना चौपट करावा लागतो, म्हणजे सुमारे १,५३७. तुझ्या गणिताच्या भीतीला एवढंच गणित पुरे.

पण या सूत्राची एक अट आहे. ज्या समूहाबद्दल बोलायचं, त्यातल्या कोणाचीही निवड यदृच्छेने होऊ शकली पाहिजे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या फॉर्मला ही अट लागूच होत नाही. तिथे ३८४ काय, ३,८४० फॉर्म आले तरी ५ टक्क्यांचा दावा करता येणार नाही. याचा जुना धडा १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांतल्या २३ लाखांहून जास्त भरून आल्या आणि साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे गरीब मतदार मुळातच कमी. शिवाय तसदी घेऊन पत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मतंही सारखी नव्हती. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर ओळखला.

म्हणून मॅडमना सरळ सांग : सोयीचा नमुना, म्हणजे जे सहज हाती लागले ते, आणि मैत्रिणींनी फॉर्म पुढे पाठवल्यामुळे त्यात थोडा स्नोबॉल, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे वाढत गेलेला नमुना. किती ग्रुपवर टाकला, कोणत्या तारखांना, किती वेळा आठवण केली, हेही लिही. निष्कर्षात 'तरुणांना वाटतं' असं न लिहिता 'प्रतिसाद देणाऱ्या ११२ जणांपैकी' असं लिही. आणि टक्केवारी सांभाळून वापर. त्या ११२ मध्ये मुलगे १९च असतील, तर एका मुलाने मत बदललं की आकडा ५ टक्क्यांहून जास्त हलतो.

फॉर्म मोजण्याआधी एकदा चाळून घे. गूगल फॉर्म भरायला किती वेळ लागला हे तो नोंदत नाही, त्यामुळे घाईत भरलेले फॉर्म दुसऱ्या खुणेवरून ओळखावे लागतात. सहमत-असहमतची सगळी विधानं एकापाठोपाठ एका ओळीत आणि त्या माणसाने खालपर्यंत 'सहमत'च निवडलेलं, ही ती खूण. उत्तरांना १ ते ५ अंक दे आणि एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीचं प्रमाण विचलन (उत्तरं किती विखुरलेली आहेत ते सांगणारा आकडा) काढ. शून्य आलं तर तो फॉर्म संशयित. पुढच्या वेळी एक-दोन विधानं उलट्या अर्थाची घाल. 'जाहिराती उपयोगी असतात' आणि 'जाहिराती म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय' या दोन्हींना ठाम सहमती देणारा माणूस वाचत नव्हता.

आता मुख्य काम, प्रश्न घडवणं. तुझ्यासारख्या फॉर्ममध्ये हटकून सापडतो तो हा प्रश्न : 'आकर्षक आणि माहितीपूर्ण जाहिरातींमुळे तुम्ही खरेदी करता का? हो / नाही / कधी कधी'. यात किती खोड्या आहेत बघ. आकर्षक आणि माहितीपूर्ण या दोन वेगळ्या गोष्टी. जाहिरात एक असेल, दुसरी नसेल, तर उत्तर काय द्यायचं? 'मुळे' शब्दाने कारण आधीच तोंडात घातलं. काळ सांगितलेला नाही, त्यामुळे एक जण आठवड्याचा विचार करेल, दुसरा आयुष्याचा. आणि 'कधी कधी' हा सगळ्यांचा आवडता आसरा. निम्मे लोक तिथेच जाऊन बसतात आणि तुझ्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं विचार : 'गेल्या ७ दिवसांत मोबाइलवर दिसलेली जाहिरात तुम्ही किती वेळा उघडून पाहिली?' पर्याय : एकदाही नाही, १-२ वेळा, ३-५ वेळा, ६ किंवा जास्त वेळा, आठवत नाही. मग पुढचा प्रश्न : 'त्यांतली शेवटची जाहिरात कशाची होती?' हा मोकळा ठेव. ज्याला कशाची होती तेच आठवत नाही, त्याचं आधीचं उत्तर कितपत धरायचं तेही तिथेच कळतं.

अशी प्रश्नावली १० जणांसमोर बसून भरून घे. त्यांना मोठ्याने विचार करायला सांग. कुठे थबकतात, कुठे 'म्हणजे काय?' विचारतात, ते टिपून ठेव. २५ प्रश्नांचे १२ होतील. प्रत्येक प्रश्नाशेजारी 'याचं उत्तर मिळाल्यावर मी काय करणार?' ते लिहायचं आणि जिथे लिहिता येत नाही तो प्रश्न काढायचा. वय, लिंग वगैरे शेवटी. मोठ्या कंपन्यांचीही इथे फसगत होते. कोकाकोलाने १९८५ मध्ये नवी चव आणण्याआधी सुमारे २ लाख लोकांना चाखवून पाहिलं, नवी चव जास्तजणांना आवडली. पण जुनं पेय बंद होणार हे कळल्यावर लोकांना काय वाटेल, याचा अंदाज चवीच्या चाचणीतून येणारच नव्हता. एप्रिलमध्ये आणलेल्या बदलानंतर जुलैत जुनी चव परत आणावी लागली.

फोकस ग्रुपबद्दल, म्हणजे निवडक लोकांच्या गटचर्चेबद्दल, थोडक्यात. ६ ते १० माणसं, ६० ते ९० मिनिटं, ८-१० प्रश्नांचं टिपण. एकमेकांचे मित्र एकाच गटात नकोत, कारण ते एकमेकांचंच म्हणणं ओढतात. एकच जण बोलत असेल तर सगळ्यांना आधी दोन ओळी कागदावर लिहायला सांगायचं आणि मग वाचून घ्यायचं. 'तुम्ही हे विकत घ्याल का?' विचारू नकोस. समोरच्याचं मन राखायला लोक हो म्हणतात. आणि ८ जणांच्या चर्चेतून '७५ टक्के लोकांना वाटतं' असं वाक्य कधीच लिहायचं नाही. हे वाक्य व्यावसायिक अहवालांतही दिसतं, तिथेही ते चूकच.

पीआरकडे वळायचं असेल तर आशय विश्लेषण, म्हणजे बातम्यांतला मजकूर ठरलेल्या नियमांनी वर्गात टाकून मोजणं, पक्कं कर. कात्रणं जमवणं सोपं. ती कोणत्या नियमाने मोजली, हे सांगणं अवघड. एखाद्या संस्थेवरच्या ५० बातम्या घे. बातमी 'टीकेची' कधी म्हणायची आणि 'तटस्थ' कधी, याचे नियम उदाहरणांसह लिही. हे तुझं कोडबुक. मग तू आणि मैत्रीण, दोघींनी एकमेकींचं न बघता बातम्या वर्गात टाका. समज, तुझ्या ४० तटस्थ आणि १० टीकेच्या, तिच्या ४२ आणि ८, आणि ४२ बातम्यांवर तुमचं जुळलं. म्हणजे ८४ टक्के. ऐकायला झकास. पण बहुतेक बातम्या तटस्थच असल्याने डोळे मिटून टाकल्या तरी बऱ्याच जुळल्या असत्या : ०.८० गुणिले ०.८४ अधिक ०.२० गुणिले ०.१६, म्हणजे ०.७०४. दोघांचं किती जुळलं हे मोजणारा कोहेनचा कॅपा हा आकडा हा योगायोग वजा करतो. ०.८४ उणे ०.७०४, भागिले १ उणे ०.७०४, उत्तर जेमतेम ०.४६. अपेक्षा साधारण ०.८० ची असते. याचा अर्थ कोडबुक ढिसाळ आहे. जिथे जुळलं नाही त्या ८ बातम्या समोर ठेवून भांडा, नियम सुधारा आणि नव्या बातम्यांवर पुन्हा करून बघा. त्याच बातम्यांवर केलं तर आकडा फुगतो.

बातमीने व्यापलेली जागा जाहिरातीच्या दराने गुणून 'इतक्या किमतीची प्रसिद्धी मिळाली' असं सांगायची सवय या धंद्यात मुरलेली आहे. ती लावून घेऊ नकोस. पीआरच्या मोजमापासाठी २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांत असं जाहिरात-मूल्य म्हणजे पीआरचं मूल्य नव्हे असं स्पष्ट म्हटलं आहे. टीकेची बातमीही जागा व्यापतेच की! त्याऐवजी तीन पायऱ्या वेगळ्या ठेव : किती छापून आलं, लोकांपर्यंत काय पोचलं, आणि त्यांच्या माहितीत, मतात किंवा वागण्यात काय बदललं. तिसरी मोजायची तर मोहिमेआधीच एक मोजणी झालेली हवी. ती नंतर करता येत नाही.

संख्याशास्त्रातलं तुला सुरुवातीला लागेल ते मोजकंच : वारंवारता, सरासरी आणि मध्यक, क्रॉसटॅब (दोन प्रश्नांची उत्तरं एकत्र मांडणारा तक्ता), काय-स्क्वेअर (त्या तक्त्यातला संबंध योगायोगाचा आहे का ते तपासणारी चाचणी), टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासणारी), सहसंबंध. जामोव्ही किंवा जास्प ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आकडेमोड तीच करतात. तुझं काम हे बघणं, की क्रॉसटॅबच्या बऱ्याच चौकटींत अपेक्षित संख्या (संबंध नसता तर जितकी यावी ती) ५ पेक्षा कमी असेल तर काय-स्क्वेअरवर विसंबायचं नाही. डिजिटल जाहिरातीत ए/बी टेस्ट येते, म्हणजे दोन आवृत्त्या दोन गटांना दाखवून तुलना करणं. क्लिकचा दर २ टक्क्यांवरून अडीच टक्के झाला का, हे पाहायला प्रत्येक बाजूला सुमारे १४ हजार माणसं लागतात. रोज डोकावून बघायचं आणि आकडा मनासारखा दिसला की टेस्ट थांबवायची, यातून खोटे विजेते निघतात. नमुना किती ते आधी ठरवायचं आणि तिथवर थांबायचं.

नोकरीचं म्हणशील तर मार्केट रिसर्च एजन्सी, जाहिरात एजन्सीतलं अकाउंट प्लॅनिंग (ग्राहक समजून घेऊन जाहिरातीची दिशा ठरवणं) आणि मीडिया प्लॅनिंग (जाहिरात कुठे आणि कधी द्यायची ते ठरवणं), कंपन्यांचे ग्राहक अभ्यासणारे इनसाइट विभाग, पीआर फर्ममधलं मोजमाप, या सगळीकडे हे लागतं. पहिलं वर्ष मात्र फार झगमगीत नसतं : फॉर्मची लिंक प्रत्येक वाटेने तपासणं, तक्त्यांतल्या बेरजा जुळवणं, आलेख करणं, कुठे किती बातम्या आल्या त्याचे कव्हरेज रिपोर्ट भरणं. कॉपीरायटर व्हायचं ठरवलंस तरी हा विषय वाया जात नाही. तुझ्या ओळीवर कोणी 'रिसर्चमध्ये चालली नाही' म्हणालं, तर कोणाला, कशी दाखवली आणि काय विचारलं, हे तुला विचारता येईल.

मुलाखतीला जाताना फाइलमध्ये प्रश्नावलीचा पहिला खर्डा आणि सुधारलेला खर्डा शेजारी शेजारी लाव, बदल का केले त्याच्या टिपांसह. शिवाय कोडबुक, एक स्वच्छ डेटाशीट आणि मर्यादा सांगणारा अर्धा पानाचा मजकूर. जाडजूड बांधीव प्रकल्प कोणी उघडत नाही.

या आठवड्यात मॅडमकडे तीन गोष्टी घेऊन जा : नवं शीर्षक, १२ प्रश्नांची प्रश्नावली आणि ११२ फॉर्म प्राथमिक चाचणी म्हणून वापरायची परवानगी. नव्या फेरीसाठी कॉलेजच्या हजेरीपटावरून यदृच्छेने नावं काढता आली तर बघ. यादी द्यायला ऑफिस कुरकुर करेल. मॅडमच्या सहीचं पत्र आधीच बरोबर ने.