मानपत्रातला ‘असूनही’

प्रश्न एका रात्रशाळेच्या मुख्याध्यापिकांचा. थोडक्यात असा: “आमच्याकडे आठवी ते दहावी मिळून ६२ विद्यार्थी आहेत. सगळे दिवसभर कामं करून येतात. गेल्या वर्षी हौसेनं गुणगौरव ठेवला, तर जेमतेम १९ जण आले. ज्याचं नाव सर्वांत आधी घेतलं तो मुलगा जागेवरून उठलाच नाही, आणि पुढे आठ दिवस शाळेकडे फिरकला नाही. आता शिक्षकांत दोन तट पडलेत. काही म्हणतात, नापास झालेल्यांचं कौतुक म्हणजे त्यांची फसवणूक. काही म्हणतात, या मुलांना कौतुकाची सवय नाही, हळूहळू होईल. यंदा कार्यक्रम करावा का?”

करावा, आणि नक्की करावा. फक्त तो कसा करायचा, हे त्या न उठलेल्या मुलाकडून शिकायला हवं. (शाळा आणि मुलगा ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा सतरा वर्षांचा, कुरिअरच्या गोदामात काम करणारा. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत तो एवढंच म्हणाला, “मला स्टेज आवडत नाही.” दुसऱ्या भेटीत हळूहळू उलगडलं. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी माइकवर वाचलं होतं: “वडील व्यसनी, घरची परिस्थिती हलाखीची, दोनदा नापास होऊनही खचून न जाता…” तिसऱ्या रांगेत त्याची आई बसली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ठेवणीतली साडी नेसून आलेली. सरांनी ‘व्यसनी’ म्हटल्यावर तिनं मान खाली घातली, ती त्यानं पाहिली. दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची. गोदामात नोकरीला लागताना त्यानं ‘दहावी पास’ असं लिहून दिलं होतं. सत्काराचा फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार, आणि त्या ग्रुपमध्ये गोदामातला एक जण होता. नोकरीच्या त्या खोट्याचा विषय पुढे स्वतंत्रपणे हाताळला, इथे त्याच्या खोलात जात नाही.

सरांचा हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. पण रात्रशाळेत, १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या वर्गात किंवा मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्रात येणारा जवळपास प्रत्येक जण आधी कुठली तरी शाळा सोडून आलेला असतो. त्या शाळेत त्याचं नाव मोठ्यानं कधी घेतलं गेलं? फी थकली तेव्हा, वही आणली नाही तेव्हा, पालकांना बोलावणं धाडलं तेव्हा. शंभर माणसांसमोर नाव पुकारलं की अंग आक्रसतं, ते त्या जुन्या सवयीनं. तो मुलगा रुसला नव्हता, उद्धटही नव्हता.

आता ‘फसवणूक’ या आक्षेपाबद्दल. तो घेणाऱ्या शिक्षकांना सहज बाजूला सारू नये, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या चित्रांचं कौतुक दोन तऱ्हांनी केलं होतं: एक साधं, ‘छान चित्र’, आणि एक फुगवलेलं, ‘कमालीचं छान चित्र’. ज्या मुलांचा स्वतःवर विश्वास कमी होता, त्यांनी फुगवलेल्या कौतुकानंतर अवघड चित्र काढायला घेणं टाळलं. एवढं उंच चढवल्यावर पडायची भीती वाटणारच. त्याआधी १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांना दिसलं होतं की ‘तू हुशार आहेस’ हे ऐकलेली मुलं पहिल्याच अपयशानंतर लवकर हात टेकतात. कष्टांचं कौतुक झालेली मुलं टिकून राहतात. तेव्हा ‘आमचे हिरे’, ‘उद्याचे कलेक्टर’ ही भाषा या मुलांना खरोखरच अपाय करू शकते. त्यावर उपाय म्हणजे कौतुक अचूक करणं. जे घडलं तेवढंच, जसं घडलं तसंच सांगितलं, तर त्यात फसवणुकीला जागा उरत नाही.

मार्कांच्या बाबतीतही असं अचूक बोलता येतं. राज्य मंडळाच्या दहावीला उत्तीर्ण झालेल्या विषयांची सूट घेऊन उरलेलेच विषय पुन्हा देता येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. म्हणजे ‘इतिहास-भूगोल आणि मराठी सुटले, गणित-विज्ञान राहिले’ ही पक्की कमाई झाली. तिला नापास म्हणणंही चूक आणि घवघवीत यश म्हणणंही चूक.

शेवटी या शाळेनं यंदा कार्यक्रम केला. तो कसा केला, ते क्रमानं सांगण्यासारखं आहे.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर झाली, ती दोनशे पानी वहीनं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान. शिक्षक, लिपिक, शिपाईमामा आणि सफाईच्या मावशी धरून नऊ जण, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला सातच्या आसपास विद्यार्थी. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं बसून प्रत्येकानं आपल्या सात जणांविषयी एकेक ओळ लिहायची. मावशींना लिहिणं जमत नव्हतं. त्या सांगायच्या, लिपिक उतरवून घ्यायचे. ओळीत क्रियापद हवं आणि तारीख हवी, ‘आहे’वर संपणारी ओळ चालणार नाही, असा नियम ठरला. ‘मेहनती आहे’, ‘शांत आहे’ हे खोडायचं. ‘१४ तारखेला अपूर्णांकाचं चुकलेलं गणित घरून पुन्हा सोडवून आणलं’ हे ठेवायचं.

पहिले दोन आठवडे वही रटाळ झाली. जो तो ‘वेळेवर आला’ लिहू लागला. तिसऱ्या आठवड्यात कळलं की काही पानं अजून कोरीच आहेत, आणि ती गप्प बसणाऱ्यांची आहेत. हा टप्पा फार मोलाचा, इथं घाई करू नये. पान कोरं राहिलं म्हणजे त्या मुलीनं काही केलं नाही असं होत नाही. आपलं तिच्याकडे लक्ष गेलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. अशी पानं दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावीत आणि दोन आठवडे मुद्दाम पाहावं. घरकाम करून येणारी एक बाई रोज पाठ्यपुस्तकाची पानं बाकावरच्या शेजारणीला तिच्या मोबाइलवर फोटो काढून द्यायची, कारण शेजारणीकडे पुस्तक नव्हतं. हे वर्गशिक्षकांना वर्षभर दिसलं नव्हतं. शिपाईमामांनी सांगितलं.

मग आली संमतीची चिठ्ठी. अर्ध्या पानाची, तीन प्रश्नांची: कौतुक सभागृहात व्हावं, आपल्या वर्गात व्हावं, की फक्त पत्र मिळावं? फोटो काढला तर चालेल का? घरच्यांना बोलवायचं का, आणि कोणाला? चिठ्ठी हातात दिली आणि दोन दिवसांनी परत घेतली. वर्गात हात वर करायला लावू नये, शेजारचा पाहून हात वर जातो. फोटोच्या प्रश्नाला ‘नको’ म्हणणारे अपेक्षेपेक्षा बरेच निघाले. कुणाच्या सासरी माहीत नव्हतं, कुणाच्या कामावर. कारण कोणी विचारलं नाही, आणि विचारूही नये.

त्यानंतर मानपत्रं. लांबी जास्तीत जास्त चाळीस ते पंचेचाळीस शब्द, म्हणजे वाचायला अर्धं मिनिट. काय केलं, कधी किंवा किती वेळा केलं, त्यानं कोणाला काय उपयोग झाला, या तीन गोष्टी. नंतर हातात लाल पेन घेऊन एकच काम करायचं: ‘असूनही’, ‘तरीही’, ‘न जुमानता’, ‘मात करून’ हे शब्द शोधायचे आणि ते ज्या वाक्यात असतील ते अख्खं वाक्य काढून टाकायचं. कारण ‘असूनही’च्या आधी नेहमी गरिबी, व्यसन, नापासी, आजारपण किंवा जात दडलेली असते. ती त्या माणसाची खाजगी बाब आहे. तिचं काय करायचं ते तो ठरवील.

गेल्या वर्षीचं वाक्य वर आलंच आहे. त्याच मुलासाठी यंदा लिहिलेलं असं: “जूनपासून डिसेंबरपर्यंत भूमितीच्या सगळ्या, म्हणजे अकरा चाचण्या दिल्या. पहिल्या चाचणीत वीसपैकी चार होते, शेवटच्या चाचणीत अकरा. चुकलेली प्रत्येक रचना वहीत पुन्हा काढली. आठवीतल्या दोघांनी त्याच्याकडून कंपास धरायला शिकून घेतलं.” यात चारसुद्धा आहेत. लपवलेलं काही नाही, फुगवलेलंही नाही.

मानपत्र ज्याचं त्याला आधी वाचायला द्यावं, निदान चार दिवस आधी, आणि खोडण्याचा हक्क द्यावा. बहुतेक जण काही खोडत नाहीत. या मुलानं ‘वीसपैकी चार’ राहू दिलं आणि ‘कंपास धरायला शिकून’च्या जागी ‘कंपास वापरायला शिकून’ करून घेतलं. म्हणाला, धरायला तर सगळ्यांनाच येतो.

तारखेचा मुद्दा अनेक संस्थांत चुकतो. निकालानंतर समारंभ ठेवला की तो आपोआप पहिल्या तिघांचा होतो. तो परीक्षेआधीच घ्यावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. म्हणून या शाळेनं सावित्रीबाईंच्या जयंतीचा, ३ जानेवारीचा आठवडा निवडला. अभ्यासाची धावपळ त्यानंतर सुरू होते.

गेल्या वर्षी शनिवारी संध्याकाळी पाचची वेळ ठेवली होती. साडेसहाला कामावरून सुटणारा माणूस पाचला कसा येणार? जेमतेम १९ जण का आले, याचं निम्मं उत्तर तिथंच होतं. यंदा नेहमीच्या शाळेच्या वेळेत, सव्वासात ते साडेआठ. खाणं शेवटी न ठेवता आधी ठेवलं, कारण मुलं कामावरून थेट, उपाशी येतात. किलोभर पोह्यांत बारा-चौदा बशा होतात. शंभरेक माणसांना आठ किलो भिजवले. पाहुण्यांना पाच मिनिटं, तीही शेवटी, आणि ‘तुमच्यासारखी मुलं’ हे शब्द टाळण्याची विनंती आधी फोनवर केलेली. मानपत्र पाहुण्यांनी वाचायचं नाही. ज्यानं वहीत ती ओळ लिहिली त्यानंच वाचायचं, म्हणजे आवाजात खरेपणा येतो. सभागृहाचा पर्याय निवडणारे चौतीस निघाले. येणं, वाचन, टाळ्या धरून प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे चौतीस मिनिटं. ट्रॉफी दिल्या नाहीत, जाड कागदावर छापलेलं पत्र दिलं. हजेरी आणि कामाचा तपशील त्यात असल्यानं ते नोकरीच्या ठिकाणी दाखवताही येतं.

कर्मचाऱ्यांविषयी वेगळं लिहायला हवं, कारण त्यांच्याबाबत चुका अधिक होतात. ‘आदर्श शिक्षक’ एकच निवडला की उरलेले आठ जण टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन गप्प बसतात. शिपाईमामांनी तर गेल्या वर्षी कार्यक्रमभर खुर्च्या उचलल्या, त्यांचं नाव आलंच नाही. यंदा पद्धत तीच, दिशा उलटी: विद्यार्थ्यांनी दोन आठवडे प्रत्येक कर्मचाऱ्याविषयी चिठ्ठ्या लिहिल्या, तोच क्रियापदाचा नियम पाळून. मामांच्या पाकिटात सर्वाधिक चिठ्ठ्या निघाल्या. एकीत होतं, ‘मी तीन दिवस आले नाही तर मामांनी फाटकात विचारलं, बरी आहेस ना.’ मामांनाही चिठ्ठी वाचावी का, हे आधी विचारलं. त्यांनी एक वाचू दिली, बाकीच्या खिशात ठेवल्या. खुर्च्या त्या दिवशी नववीच्या वर्गानं लावल्या.

सगळं सुरळीत झालं नाही. दोन मानपत्रांत नावं उलटसुलट छापली गेली, म्हणून छपाईआधी हजेरीपटाशी ताडून पाहण्याचं काम एका ठरावीक माणसाकडेच द्यावं. एका शिक्षकांनी ऐनवेळी उत्साहात कागद बाजूला ठेवून आपल्या मनानं बोलायला सुरुवात केली आणि ‘एवढ्या अडचणी असूनही’ आलंच. मुख्याध्यापिकांनी उठून हळूच कागद पुन्हा त्यांच्या हातात दिला.

तो मुलगा सभागृहात आला नाही. त्यानं ‘वर्गात’ या पर्यायावर खूण केली होती. दुसऱ्या दिवशी भूमितीच्या बाईंनी वर्गात त्याचं पत्र वाचलं, आई मागच्या बाकावर बसून ऐकत होती. त्याच्यासह तिघांनी पाकिटावर शाळेचं नाव नको असं लिहून दिलं होतं. त्यांची पत्रं साध्या खाकी पाकिटात घालून हातात दिली.