कागद कर, बाय

बाय,

परवा तू सोप्यावर बसून ते माहितीपत्रक इतक्या घड्या घालून उलगडलंस की मधला स्टेडियमचा फोटो बरोबर मधोमध फाटला. तू गेल्यावर मी ते सरळ करून शब्दकोशाखाली दाबून ठेवलं आणि रात्री दोनदा वाचलं. स्पोर्ट्स मॅनेजमेंट, चार वर्षांची पदवी, यंदापासून सुरू, पहिलीच बॅच. तू विचारलंस, "टीचर, घेऊ का?" आणि मी चहा ठेवायला उठले, कारण मला लगेच उत्तर सुचलं नाही. आता लिहिते.

खेळाने माणूस घडतो वगैरे मी तुला सांगत बसणार नाही. तुला ते ठाऊक नसतं तर गुडघ्याला पट्टा बांधून तू डिसेंबरात मैदानात उतरली नसतीस. त्याबद्दल तुला ओरडायचं अजून बाकी आहे, ते वेगळं.

बाबा म्हणतात, बी.कॉम. कर, बँकेच्या परीक्षा दे. "खेळाचं मॅनेजमेंट म्हणजे काय, चेंडू उचलायचे?" असं ते म्हणाले म्हणून तू रडलीस. बाबांवर रागावू नकोस. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा तुमच्या अंगणात ट्रक ताडपत्रीखाली उभा होता आणि हप्ते चालू होते. तू तेव्हा बालवाडीत होतीस. एकाच गोष्टीवर सगळं लावलं की काय होतं हे त्या माणसाने पाहिलं आहे. त्यांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही.

पण त्यांना एवढं सांग, क्रिकेट त्यांना कळतं. निलेश कुलकर्णी आठवतो का विचार. १९९७ ला कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने विकेट घेतली, भारताकडून असं करणारा तो पहिला. मग त्याच डावात सत्तर षटकं टाकली, १९५ धावा दिल्या, दुसरी विकेट मिळाली नाही. श्रीलंकेने ९५२ केल्या. त्याच कुलकर्णीने २०१० मध्ये मुंबईत खेळाचं व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली. म्हणजे हे शिक्षण काल उगवलेलं नाही. आपल्याकडे पोचायला उशीर झाला, इतकंच.

आता माझं म्हणणं. चार वर्षं तिथे तुला मार्केटिंग शिकवतील, ब्रँडिंग शिकवतील, स्पॉन्सर कसा आणायचा ते शिकवतील. सगळं शिक. पण माझ्याकडून एकच गोष्ट घेऊन जा: कागद कर. ठरलं ते लिही, तारीख घाल, ज्याने करायचं त्याचं नाव घाल, सही घे. हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही.

मी एकतीस वर्षांची असताना आपल्या क्लबची सेक्रेटरी होते. सरदाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, भात कापून झालं की शेतात मैदान आखायचं आणि सात-सात जणांची सेव्हन-अ-साइड फुटबॉल स्पर्धा भरवायची, हे तेव्हाही होतं. त्या वर्षी पहिल्यांदा बांबूचे गोल काढून लोखंडी करून घेतले, दोन इंची पाइपचे, पांढरा रंग दिलेले. वेल्डरने ते टेम्पोतून उतरवले आणि मला विचारलं, "मागे खुंटे मारावे लागतील. कोण मारणार?" मी हातातल्या पावत्या मोजत होते. म्हटलं, "पोरं मारतील."

पोरं म्हणजे कोण? नाव नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने मारले.

सेमीफायनल जिंकल्यावर गोलकीपर, सतरा वर्षांचा मुलगा, उडी मारून आडव्या दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळला. गोल पुढे कलला आणि दांडी त्याच्या नडगीवर आली. आवाज मोठा नव्हता, भरलेली घागर जमिनीवर ठेवावी तेवढाच. इस्पितळात न्यायला गाडी नव्हती. सोड्याच्या बाटल्या घेऊन आलेला टेम्पो होता, त्यातले क्रेट आधी उतरवावे लागले. मी स्वतः उतरवले. किती होते ते मला आजही सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी फायनल झाली. बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी माइकवर जाहीर केलं, "त्या मुलाचा सगळा खर्च माझा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा गेले तर घरी नव्हते. तिसऱ्यांदा म्हणाले, मी असं नेमकं कधी म्हटलं? मुलाची आई औषधांची बिलं रबर लावून घेऊन आली. काही मागितलं नाही तिने. "तुमच्याकडे असू देत" म्हणाली आणि पाणीही न घेता गेली. क्लबच्या खात्यात तेव्हा ६४० रुपये होते.

चौथ्यांदा मी गेले नाही.

तू विचारशील, का नाही गेलात? माझी सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली, दोन मुलं लहान, सकाळी शाळा. क्लबचं काम फुकटचं, वर नवऱ्याची बोलणी. टाळ्या वाजवणारे तीनशे जण होते, त्यांतला एकही माझ्याबरोबर त्या दारापर्यंत आला नाही. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. मी एकटी बाई किती फेऱ्या मारणार होते? पण बाय, माइकवरचं ते वाक्य मी तिथेच कागदावर उतरवून त्यांची सही घेतली असती, तर चौथ्या फेरीचा प्रश्नच आला नसता. आणि "पोरं मारतील" म्हणण्याऐवजी एका मुलाचं नाव लिहिलं असतं, तर पहिल्या फेरीचाही आला नसता. नडगी जुळली. मुलगा चालतो. धावत नाही.

त्यानंतर मी लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर घेतलं. पुढची चोवीस वर्षं त्याच्याशिवाय एकही स्पर्धा होऊ दिली नाही. गोलचे खुंटे कोणी मारले, कोणी हलवून पाहिले, सही. गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण, तो सामना संपेपर्यंत जागेवर थांबेल का, सही. प्रथमोपचाराची पेटी उघडून पाहिली का, नुसती आणली का. स्पॉन्सरचं पत्र, रक्कम अंकी आणि अक्षरी. पोरं वैतागायची. दोन अध्यक्ष माझ्या या हट्टापायी नाराज होऊन समिती सोडून गेले. गेले तर गेले. मी वही बंद केली नाही आणि केली नाही तेच बरोबर केलं.

तुला वाटेल हे गावच्या शेतातलं झालं, मोठ्या खेळात असं नसतं. मग ऐक. कोविडच्या काळात आयएसएल या देशातल्या फुटबॉल लीगचे लागोपाठ दोन मोसम गोव्यातच झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. अकरा संघ, तीन मैदानं, प्रेक्षक जवळजवळ नाहीतच. तू टीव्हीवर गोल पाहत होतीस, मी गवत पाहत होते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एवढ्या बुटांखाली ते गवत टिकलं कसं? कुठल्या दिवशी किती पाणी दिलं, कधी कापलं, कुठला कोपरा उखडला, हे रोजच्या रोज कोणीतरी लिहीत असल्याशिवाय असं होत नाही. त्या माणसांची नावं पडद्यावर आली नाहीत. तू जे शिकायला निघाली आहेस ते हे काम आहे.

आणि गेल्या वर्षीचं तर तू जवळून पाहिलंस. सौदी अरेबियाचा अल नस्र आपल्या एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्याला आला, २२ ऑक्टोबर २०२५. रोनाल्डो आला नाही म्हणून तू दोन दिवस गप्प होतीस. आपल्या ब्रायसनने गोल केला तेव्हा आपण दोघी उभ्या राहिलो, मॅच २-१ ने गेली तरी घसा बसला. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? एफसी गोवा आशियातल्या स्पर्धेत खेळत होता आणि त्याच वेळी देशातली त्याची स्वतःची लीग सुरूच झाली नव्हती. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यात २०१० मध्ये पंधरा वर्षांचा करार झाला होता. त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ ला संपत होती, पुढचं ठरलं नव्हतं, म्हणून जुलैत लीग थांबवली. सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडला. खेळाडू तयार होते, मैदानं तयार होती. अडलं ते एका कागदाच्या शेवटच्या तारखेवर, आणि ती तारीख पंधरा वर्षं लिहिलेली होती. म्हणून कागद करून थांबायचं नाही. त्याचं शेवटचं पान वर्षातून दोनदा वाचायचं आणि तारीख जवळ आली की आरडाओरडा करायचा. लोक म्हणतील, हिला घाई. म्हणू देत.

बाबा नोकरीचं विचारतील. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा प्रशासनाचा कायदा केला आहे. त्यात संघटनांना मान्यता देणारं मंडळ आहे, भांडणं सोडवायला न्यायाधिकरण आहे, खेळाडूंच्या समित्या आहेत. संघटनांना आता नियम वाचणारी, हिशेब ठेवणारी, वेळेत कागद भरणारी माणसं लागतील. पगार किती असेल ते मी सांगणार नाही, खोटी आशा दाखवायची मला सवय नाही.

राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आठवतात ना? २०१६ ला गोव्यात व्हायच्या त्या पुढे पुढे जात २०२३ ला झाल्या, ४३ खेळ, दहा हजारांवर खेळाडू. मी निवृत्त झालेली, तरी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. आमच्या ठिकाणी चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी देखरेखीला होती, बाहेरच्या राज्यातली. रात्री साडेनऊला सगळे बसकडे पळायचे, ती मात्र टॉर्च घेऊन सामान मोजायची आणि पानाखाली सही करायची. एका सकाळी दोन संघांत वाद झाला, कोणाच्या सरावाच्या वेळेला कात्री लागली म्हणून. प्रशिक्षक हमरीतुमरीवर आले. तिने पान उघडून फिरवून त्यांच्यासमोर धरलं. आवाजसुद्धा चढवला नाही. दोन मिनिटांत दोघे आपापल्या मुलींकडे गेले. मी तिच्याकडे बघत राहिले. मला हे कळायला एका मुलाची नडगी मोडावी लागली होती, हिला कोणीतरी वर्गात शिकवलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की असा कोर्स आपल्याकडे हवा.

म्हणून माझं उत्तर हो आहे. पण असंच उठून फी भरायला जाऊ नकोस.

आधी कॉलेजात जा आणि विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र दाखवा म्हण. "प्रक्रिया सुरू आहे" असं म्हणाले तर नमस्कार करून परत ये. माहितीपत्रकात लिहिलंय, "नामांकित क्लबांमध्ये इंटर्नशिप". कुठले क्लब? किती जागा? किती आठवडे? क्लबचं पत्र आहे का, की प्राचार्यांची कोणाशी ओळख आहे? ओळख उद्या बदलते. मैदानाची सुरक्षा आणि विमा हे त्यांनी सहाव्या सत्रात टाकलंय, तेही ऐच्छिक. हे वाचून मी रात्री उठून बसले. ऐच्छिक! पहिल्या बॅचची मुलं एकत्र अर्ज करा आणि ते पहिल्या वर्षाला घ्यायला लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नकोस.

तू म्हणालीस, शिकून परत येऊन गावात मुलींसाठी मैदान करायचं आहे. चांगलं आहे. ज्या जागेवर तू आज खेळतेस ती कोणाची आहे, सांग बघू. कोमुनिदादीची म्हणजे गावच्या सामाईक जमीन-संस्थेची, देवस्थानची, की भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची? तुला माहीत नाही. मलाही पंधरा वर्षं माहीत नव्हतं, आम्ही वर्षानुवर्षं खेळतो म्हणजे आमचीच, असं धरून चाललो होतो. मग एका पावसाळ्यानंतर अर्ध्या मैदानाला चिऱ्यांचं कुंपण लागलं आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या नोंदीचा, उतारा काढ. कोर्स सुरू व्हायच्या आधी काढ. त्यावर कोणाचं नाव आहे ते पाहून मग स्वप्न बघ.

रागावले असं वाटेल तुला. थोडी रागावलेच आहे, पण तुझ्यावर नाही.

रजिस्टर तुझ्यासाठी काढून ठेवलंय. त्यात मागच्या पुठ्ठ्याला रबर लावलेली बिलं आहेत, ती काढू नकोस. रविवारी चार वाजता शाळेच्या मैदानावर ये. तिथले छोटे गोल परवा रंगवून आणलेत, मी काल जाऊन हलवून पाहिले, डावा हलतो. खुंटे माझ्याकडे आहेत. घण शिपायाकडून मागून घे आणि नेताना त्याच्या वहीत तुझं नाव लिही.

तुझी,
टीचर