राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये फक्त जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आहे, मग सुप्रीम कोर्ट त्यातून उपजीविका वगैरे कुठून काढतं?

कोर्ट मनाने काही घुसवत नाही, 'जीवित' म्हणजे नुसता श्वास चालू असणं नाही एवढंच ते म्हणतं. १९५० च्या गोपालन केसमध्ये (खटल्याविना स्थानबद्ध केल्याची केस) अर्थ फारच अरुंद लावला होता, हक्क काढून घ्यायला कायदा आहे ना मग झालं. १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्ट केसमध्ये ते बदललं, प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी पण हवी असं ठरलं, आणि तिथून दार उघडलं.

खरं समजून घ्यायचं असेल तर १९८५ ची ओल्गा टेलिस केस बघा, आपल्या मुंबईचीच. १९८१ मध्ये फुटपाथवरची माणसं हटवायचं ठरलं, ती कोर्टात गेली की इथून काढलं तर कामच जातं मग खायचं काय. पाच जजेसच्या बेंचने मान्य केलं की रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आता महापालिका कायद्याचं कलम ३१४ म्हणतं की आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण काढू शकतात, ते कलम रद्द नाही केलं, उलट असं वाचलं की ही मुभा आहे, सक्ती नाही, म्हणजे एरवी नोटीस देऊन म्हणणं ऐकायलाच हवं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कायदा तसाच राहिला पण वापरायची पद्धत घटनेत बसवली.

पण फुटपाथवर राहायचा हक्क काही मिळाला नाही हां, पावसाळा होऊन ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली फक्त, आणि १९७६ च्या झोपड्यांच्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्या म्हणून सांगितलं.